खमीर, विकर आणि शहाद्याची पपई

उर्दू माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक शब्द येतो, 'खामरा'. मराठी पुस्तकात त्याच जागी 'विकर' असतो आणि इंग्रजीत 'एन्झाइम'. तिन्ही भाषांतली मुले त्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. 'विकर' वाचताना निम्मी मुले 'विकार' वाचतात आणि हा काहीतरी आजार असावा असे समजतात. 'खामरा'चे तसे होत नाही. त्यात 'खमीर' आहे, आणि खमीर म्हणजे काय हे नानच्या भट्टीवर किंवा जिलेबीच्या दुकानात उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

गंमत अशी की, मूळ युरोपीय शब्दही तेच सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने 1876 च्या सुमारास ग्रीक भाषेतून 'एन्झाइम' हा शब्द तयार केला. त्याचा अर्थ 'खमिरातले'. म्हणजे उर्दूने शब्द उसना घेतला नाही, त्यामागची कल्पना घेतली. विज्ञान आपल्या भाषेत आणायची ही खटपट आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही झालेली आहे. हैदराबाद संस्थानात 1917 मध्ये दारुल तर्जुमा सुरू झाले, उस्मानिया विद्यापीठासाठी तिथे विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली गेली. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्र तेव्हा औरंगाबादेत होते. तिथून 1928 मध्ये 'सायन्स' नावाचे उर्दू नियतकालिक निघाले. उर्दू म्हणजे फक्त गझल आणि मुशायरा असे मानणाऱ्यांनी, त्यात आपलेही लोक आले, हे जरूर लक्षात घ्यावे.

पण शब्द कितीही चांगला असो, तो हातात आल्याशिवाय कळत नाही. विकरांचा सगळा इतिहास असा हातांनी घडलेला आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये पायां आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या जवाचा अर्क काढला, त्यात अल्कोहोल घालून एक पांढरा साका मिळवला. तो साका पिष्टमय पदार्थाची साखर करी. त्याचे नाव त्यांनी 'डायास्टेज' ठेवले. पुढे विकरांच्या नावांना 'एज' हे शेपूट लागले ते तिथूनच. मग पन्नास-साठ वर्षे वाद चालला की, खमिरातली ही करामत जिवंत पेशीची की तिच्यातल्या एखाद्या पदार्थाची. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून तिचा रस काढला. पेशी मेल्या होत्या, तरी साखर घातल्यावर रस फसफसला. वाद संपला, बुखनरला 1907 चे नोबेल मिळाले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो जेम्स समनर. सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्याचा डावा हात गेला, आणि तो डावखुरा होता. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या नादी लागू नये असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने 1926 मध्ये आपल्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या बियांतून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे काढले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. मोठमोठ्यांनी कित्येक वर्षे मानले नाही. नोबेल मिळाले ते 1946 मध्ये.

आता नंदुरबारकडे येऊ. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा आदिवासीबहुल जिल्हा. इथल्या बी.एड., डी.एड.च्या वर्गात अक्कलकुव्याची उर्दू माध्यमातली मुलगी, धडगावचा पावरा मुलगा आणि शहाद्याच्या शेतकऱ्याची पोर एका बाकावर बसतात. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1979 मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली. मदरशाबरोबर पुढे तिथे फार्मसी आणि शिक्षक-प्रशिक्षणाची महाविद्यालयेही उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी दीनी आणि दुनियावी तालीम शेजारी शेजारी आली, ही लहान गोष्ट नव्हे.

खानदेशात विज्ञान शिकवण्याचा प्रयोगही जुना आहे. मुंबईत 1974 मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला ग्रामीण शाळांबरोबर काम केले. प्रा. वि. गो. कुळकर्णी यांचा भर दोन गोष्टींवर होता: हाताशी असलेल्या साहित्याने प्रयोग आणि मुलाला कळेल अशी भाषा. भाषाशिक्षक म्हणून या दुसऱ्या मुद्द्याने मला फार धीर दिला आहे.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते. 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले, पण मी पाहिलेल्या एका महाविद्यालयात परीक्षानळ्या कपाटातून बाहेर निघत नव्हत्या. पाठ-टिपणात 'प्रयोग दाखवला' असे लिहून काम भागत होते. ज्या मुलीने स्वतः कधी नळी धरली नाही, ती उद्या चाळीस मुलींच्या वर्गात नळी कशी धरणार? उर्दू शाळांतल्या कित्येक मुलींची प्रयोगाशी पहिली आणि शेवटची भेट दहावीपर्यंतच होते. त्यांच्या बाईंवरच सगळे अवलंबून असते.

आणि साहित्य तर दारात आहे. शहादा-तळोद्याकडे पपईच्या बागाच बागा. कच्च्या पपईचा कीस कबाबच्या खिम्याला कशाला लावतात, हे आपल्या घरातल्या कोणत्याही आपाला विचारा. त्या चिकातले पपेन मांसाची प्रथिने तोडते. वुर्ट्झ आणि बुशू यांनी 1879 मध्ये त्याला हे नाव दिले. पपई मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. त्याआधीचे बावर्ची इतर फळांनी काम भागवत. पावरा मुलाला मोहाची फुले कशी फसफसतात ते ठाऊक असते. आपल्याला ते पेय चालत नसले तरी त्यातले शास्त्र शिकायला कोणाची हरकत नसावी.

प्रयोग साधे आहेत. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधले हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, उकडलेल्या फोडीवर येत नाही. भाताच्या पेजेत आयोडिनचा थेंब टाकला की निळे-काळे होते. तीच पेज लाळेबरोबर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवली तर रंग येत नाही. रमजानमध्ये कोणाला लाळेचा प्रयोग नको वाटला, तर मोड आलेल्या गव्हाचा रस वापरावा. पायां आणि पेर्सो यांचीच ती वाट. एक नळी मात्र नेहमी उकळलेल्या रसाची ठेवावी, कारण तुलना नसेल तर तो प्रयोग नाही, नुसता तमाशा आहे.

पपईचा चीक सकाळी काढावा. हिरव्या फळावर पातेने हलकी रेघ मारली की दूध ठिबकते. ते हाताला लागू देऊ नये, कातडी चुरचुरते. कोमट दुधात चार-पाच थेंब ताजा चीक ढवळून मुलींना घड्याळ लावायला सांगावे, आणि दूध फाटल्यावर शेजारची उकळलेल्या चिकाची वाटी दाखवावी, जिच्यात दूध तसेच्या तसे असते. 'सर, हे असे का?' हा प्रश्न त्या आधी उर्दूत विचारतात, मग मराठीत.