पल्ला गाडीचा की वाटेचा?

विजेची मोटार लांबच्या प्रवासाला उपयोगाची आहे का, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात फार नेमकेपणाने उभा राहतो. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि नागपूरहून निघालेल्या गाडीला मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा टापू साधारण मध्यावर लागतो. 45 युनिटांची बॅटरी असलेली आजची नेक्सॉन कागदावर 489 किलोमीटर धावते. पण महामार्गाच्या वेगात, एसी लावून, चार माणसे आणि सामान घेऊन निघाले की हिशेब तीनशेच्या आसपास येतो. म्हणजे नागपुरात पूर्ण भरलेली बॅटरी याच टापूत संपत येते, तर पेट्रोलची गाडी एका टाकीत पाचशेच्या पुढे जाते. त्यावरून विजेची गाडी गावातल्या गावात ठीक, असा निकाल अनेक जण देऊन मोकळे होतात. मला तो घाईचा वाटतो. या जिल्ह्यातल्या वाहतुकीचा इतिहास पाहिला, तर कोणते वाहन लांब जाईल हे त्याच्या पोटात किती मावते यापेक्षा वाटेत त्याला पुन्हा कुठे, किती वेळात आणि किती खात्रीने मिळते यावर ठरत आलेले दिसते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे, सुमारे 500 मैल. ओझ्याच्या बैलाची दिवसाची मजल जेमतेम दहा-बारा मैलांची, तरीही हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण तांड्यांना चराईच्या आणि पाण्याच्या जागा ठाऊक होत्या आणि मुक्काम त्या हिशेबाने पडत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की हीच वाट बंद होई. बैल तेच, पल्ला मात्र वाटेने हिरावलेला. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या काळातला मोती तलाव आहे, मेहकरला जुन्या हेमाडपंती धर्मशाळेचे अवशेष आहेत. आज आपण ही ठिकाणे वास्तुकला म्हणून पाहतो. पण त्या काळच्या प्रवासाचा आधार अशाच पाण्यावर आणि निवाऱ्यावर होता.

रेल्वेने हेच सूत्र अधिक कडक करून दाखवले. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला, तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या घाटाखालच्या पट्ट्यातून. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ मुख्य मार्गापासून बाजूला राहिली, म्हणून जलंबहून 13 किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. वाफेचे इंजिन स्वतःच्या बळावर फार लांब जाऊ शकत नव्हते. त्याला वाटेत ठिकठिकाणी पाणी लागे, कोळसा लागे, भुसावळसारख्या ठाण्यात इंजिने बदलावी लागत. ही सोय मार्गभर उभी केली म्हणून आगगाडी लांब पल्ल्याची झाली. घाटावर मात्र ती कधीच चढली नाही. चिखली, बुलढाणा, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा यांपैकी एकाही गावाला आजतागायत रेल्वे स्टेशन नाही, आणि खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. घाटाखालच्या मोंढ्यांची भरभराट होत असताना घाटावरचा शेतकरी बैलगाडीतून कापूस उतरवत राहिला, याची सल या भागात अजून आहे.

पेट्रोलही जन्मतःच सोयीचे नव्हते. 1888 मध्ये बर्था बेंझ यांनी जर्मनीत मानहाइम ते फोर्त्सहाइम असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा इंधन त्यांना वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले. 1900 च्या सुमारास अमेरिकेच्या शहरांत विजेच्या मोटारी भरपूर होत्या. पुढे त्या मागे पडल्या. स्वस्त झालेली पेट्रोलची गाडी आणि जड, महाग बॅटरी ही त्याची कारणे होतीच, पण खेडोपाडी वीज नव्हती आणि पेट्रोलचा डबा मात्र कुठल्याही दुकानात ठेवता येत होता, हेही तितकेच मोठे कारण होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्याकडच्या बस कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. अगदी अलीकडे, 11 डिसेंबर 2022 ला समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा पंप आणि खानपानाच्या सोयी इतक्या तुरळक होत्या की पेट्रोलवाल्यांनाही टाकी भरूनच चढावे लागे.

विजेच्या गाडीवरचे आक्षेप खरे आहेत, ते झटकून चालणार नाही. पहिला वेळेचा. जलद चार्जरवर नेक्सॉनची बॅटरी दहावरून ऐंशी टक्क्यांवर यायला सुमारे 40 मिनिटे लागतात, पेट्रोल पाच मिनिटांत भरते. पण तीन तास सलग चालवलेल्या चालकाला तेवढी उसंत हवीच. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी होरपळून गेले. त्यानंतर या सरळसोट रस्त्यावरचा चालकांचा थकवा आणि विश्रांतीच्या जागा यांवर गंभीर चर्चा झाली. बॅटरीच्या आगीची धास्ती बाळगताना ती बस डिझेलची होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: चार्जर बंद असला, वीज गेली किंवा आधीच दोन गाड्या रांगेत असल्या तर 40 मिनिटांचे दोन तास होतात. मे महिन्याच्या उन्हात, लेकराबाळांसह, हा धोका कोणी का पत्करावा? याला माझ्याकडे उत्तर नाही. आज घाटावरून आडवाटेने दूर जायचे असेल, तर पेट्रोलची गाडीच शहाणपणाची. नागपूर–मुंबई या एका रेषेवर मात्र, दोन-तीन थांबे ठरवून निघणाऱ्यासाठी, विजेची गाडी आजच व्यवहारात बसते.

राज्याच्या 2025 च्या धोरणाने समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली आणि महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय हे उद्दिष्ट ठेवले. टोलमाफीने गाड्या रस्त्यावर येतील, पण त्या पुढे जाणार चार्जरवर. घाटावरचे चार तालुके या मार्गाच्या मध्यावर आहेत आणि रेल्वेने त्यांना जे दिले नाही, ते मिळवण्याची संधी दीडशे वर्षांनी आली आहे. त्यासाठी मेहकरपासून देऊळगावराजापर्यंतच्या प्रत्येक इंटरचेंजजवळ आणि या गावांच्या एसटी स्थानकांत एकाऐवजी तीन-चार चार्जर, वर छप्पर, प्यायचे पाणी, स्वच्छतागृह आणि बिघाड झाला तर त्याच दिवशी येणारा माणूस, एवढे हवे. लोकप्रतिनिधींनी आणि नगरपालिकांनी ही मागणी आत्ताच, लेखी आणि जोराने लावून धरावी.