सिंधुदुर्गाचं गोडं पाणी

आमच्या माण तालुक्यात गावाची पत पाण्यावरून ठरते. सोयरीक बघायला गेलेली म्हातारी माणसं आधी विहिरीत डोकावायची, मग ओसरीवर टेकायची. त्यामुळे आमच्या भजनी मंडळाची सहल मालवणला गेली तेव्हा तोफा किती, बुरूज किती असं सगळे विचारत होते आणि मी विचारलं, "इथली माणसं प्यायची काय?"

आमच्यासोबत जो माहीतगार होता, तो किल्ल्यावरच जन्मलेला. पन्नाशीचा, पायात रबरी चपला. हसून म्हणाला, "दाखवतो काका. आधी पोचू तर द्या."

मालवणच्या धक्क्यावरून होडीनं दहा-पंधरा मिनिटांची वाट. पण होडी सरळ जात नाही. पाण्याखाली खडक दडलेत, त्यांना वळसे घालत जाते. या खडकाळ कुरटे बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला तो याच खडकांच्या भरवशावर. जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज बसलेले. समुद्रात आपलं एक बळकट ठाणं हवं होतं. जानेवारी १६६४मध्ये सुरतेवर छापा पडला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याची पूजा होऊन कामाला हात लागला. तीन वर्षं काम चाललं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. तट सुमारे तीस फूट उंच, नागमोडी, जवळपास तीन किलोमीटर लांब. आत ४८ एकर जागा.

दरवाजा तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा लपवलाय की नवख्या माणसानं तटाला फेरी मारत बसावं.

चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा आणि पायाचा ठसा बघितला. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात गेलो. तिथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे. आमच्यातल्या एका आजीनं तिथंच अभंग धरला. तोवर होडीवाल्यानं खालून हाक दिली. फेरीला तासाभराचाच वेळ असतो. माहीतगार तटावरून ओरडला, "वाईच थांब रे!" आणि आम्हाला विहिरींकडे घेऊन गेला.

दूधबाव, साखरबाव, दहीबाव. या तीन विहिरी. नावं ऐकूनच तोंडाला चव येते. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे हे गोडं पाणी. पोहऱ्यानं काढून त्यानं ओंजळीत ओतलं. पाणी खरंच गोड. देवाची करणी म्हणून कुणी हात जोडले. त्याचा खुलासा मात्र साधा होता. पावसाळ्यात बेटावर पडलेलं पाणी खाली मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. बेतानं काढलं तर पुरतं. हावरटासारखं उपसलं तर खालचं खारं वर चढतं.

हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. आमच्याकडे एकानं दोनशे फूट बोअर मारली की शेजारी तीनशे मारतो, आणि मग दोघंही टँकरच्या रांगेत उभे राहतात. समुद्रातल्या बेटावर साडेतीनशे वर्षं विहिरी गोड राहिल्या, त्यात खडकाचा वाटा आहे तसा पोहरा बेतानं सोडणाऱ्या हातांचाही आहे.

तट कितीही जाड असला तरी आत पाणी नसेल तर वेढा पडल्यावर शिबंदी टिकणार किती दिवस? १७६५मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत आला. १८१२च्या तहानं मालवणसह तो पुन्हा इंग्रजांकडे गेला. ऑगस्टस हे नाव आज मालवणात कुणाच्या तोंडी नाही. दूधबाव मात्र दूधबावच राहिली, कारण तिचं पाणी रोज भरणाऱ्यांनी ते नाव तोंडात ठेवलं.

ते भरणारे अजून आहेत. काही घरं किल्ल्यात राहतात. देवाची पूजा, नारळाची झाडं, आल्यागेल्याला कोकम सरबत, असा त्यांचा संसार चालतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की प्रवासी होड्या बंद होतात आणि बरीचशी माणसं मालवणात येऊन राहतात. माहीतगाराची मुलं शिक्षणासाठी मालवणातच असतात. "ती परत येतील का?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "येतील. सुट्टीत."

२०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात सिंधुदुर्ग आहे. अभिमानाचीच गोष्ट. आता माणसं आणखी येतील, तटाची डागडुजी होईल, पाट्या लागतील. पण विहीर पाटीवर जगत नाही. तिला उपसणारं, गाळ काढणारं, आत पडलेला पाला वेचणारं माणूस लागतं. ते माणूस पावसाळ्यानंतर परत किल्ल्यात येत राहावं, एवढी सोय जरी झाली, तरी वारसा जपला असं मी म्हणेन.