ओक्लाहोमा सिटी थंडर : एका नव्या संघाचा उदय

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात एनबीए, या व्यावसायिक स्पर्धेतील ‘ओक्लाहोमा सिटी थंडर’ हा संघ २००८ मध्ये मैदानात उतरला आणि आपल्या सतराव्या मोसमाअखेर, २२ जून २०२५ रोजी, विजेता ठरला. नवा म्हणून ओळखला जाणारा हा संघ खरे पाहता नावानेच नवा होता. त्याचा पूर्वावतार होता सिएटलचा ‘सुपरसॉनिक्स’. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७९ मध्ये विजेतेपद मिळविलेल्या या संघाचे बिऱ्हाड एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेण्यात आले. आपल्याकडे संघ आणि गाव यांचे नाते सहसा तुटत नाही. अमेरिकेत मात्र संघ ही मालकाची मालमत्ता असते व लीगची संमती असल्यास ती हलविता येते.

ओक्लाहोमा सिटी हे तेल आणि नैसर्गिक वायूच्या व्यवसायावर पोसलेले मध्यम आकाराचे शहर. १९९५ मध्ये तेथील सरकारी इमारतीत झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ जणांचा बळी गेला आणि जगाला या शहराचे नाव त्या दुर्घटनेमुळेच ठाऊक झाले. तत्पूर्वी, १९९३ मध्ये, नागरिकांनी शहराच्या पुनरुज्जीवनासाठी वाढीव विक्रीकर स्वतःहून मान्य केला होता. त्याच पैशातून २००२ मध्ये मोठे क्रीडागृह उभे राहिले. पण त्यात खेळणारा पहिल्या दर्जाचा संघ नव्हता. तो मिळाला एका आपत्तीमुळे. ऑगस्ट २००५ मध्ये ‘कॅटरिना’ चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केले आणि तेथील ‘हॉर्नेट्स’ संघ दोन मोसम ओक्लाहोमा सिटीच्या आश्रयाला आला. पाहुण्या संघासाठीही प्रेक्षकांनी जी गर्दी केली, तिने लीगचे डोळे उघडले.

याच सुमारास सिएटलमध्ये वेगळेच वारे वाहत होते. ‘सुपरसॉनिक्स’च्या मालकांना नवे वा नूतनीकृत क्रीडागृह हवे होते आणि त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी होईना, तेव्हा २००६ मध्ये त्यांनी संघ ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटी डॉलरला विकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिएटलच्या सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी व्यावसायिक संघांना सार्वजनिक अनुदान देण्याविरुद्ध कौल दिला. उलट मार्च २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी क्रीडागृहाच्या सुधारणेसाठी विक्रीकर पुढे चालू ठेवण्यास मंजुरी दिली. श्रीमंत मालकांसाठी सामान्यांनी कर का भरावा, हा सिएटलकरांचा प्रश्न गैर नव्हता. त्याची किंमत मात्र त्यांनाच मोजावी लागली.

नव्या मालकांच्या हेतूबद्दल शंका होतीच. संघ सिएटलमध्ये ठेवण्यासाठी आपण तो घेतलेला नाही, असे त्यांच्यातील एका भागीदाराने २००७ मध्ये उघडपणे सांगितले आणि लीगने त्यास अडीच लाख डॉलर दंड केला. एप्रिल २००८ मध्ये संघमालकांनी स्थलांतराला २८ विरुद्ध २ मतांनी संमती दिली. क्रीडागृहाच्या कराराची दोन वर्षे शिल्लक असल्याने प्रकरण न्यायालयात पोहोचले. अखेर २ जुलै रोजी साडेचार कोटी डॉलरच्या मोबदल्यात तडजोड झाली. ‘सुपरसॉनिक्स’ हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग सिएटलच्या भावी संघासाठी राखून ठेवण्यात आले.

मैदानावरील आरंभ दयनीय होता. पहिल्या ३२ सामन्यांपैकी केवळ तीन जिंकता आले आणि मोसमाअखेर २३ विजय, ५९ पराभव अशी नोंद झाली. तथापि एनबीएमध्ये पराभवालाही मोल असते. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तळाच्या संघांना आधीचा क्रमांक मिळण्याची संधी अधिक असते. सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी या नियमाचा असा उपयोग केला की, २००७ ते २००९ या तीन वर्षांत केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन हे तिघे संघात आले. पुढे तिघेही लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. एवढी अचूक पारख क्वचितच पाहायला मिळते. २०१२ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण मायामीकडून १-४ असा हरला. त्यानंतर त्रिकूट विखुरले. हार्डनला त्याच वर्षी ह्यूस्टनला देण्यात आले, २०१६ मध्ये ड्युरंट गोल्डन स्टेटला गेला आणि २०१९ मध्ये वेस्टब्रुकनेही निरोप घेतला.

दुसरी उभारणी पहिलीहून धीराची होती. २०१९ मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठविताना प्रेस्टींनी शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतील पाच भावी निवडींचे हक्क पदरात पाडून घेतले. त्यातल्याच एका हक्कावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. मधल्या काळात हाल कमी झाले नाहीत. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने थंडरला ७३ गुणांनी हरविले. तोवर एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणीही हरले नव्हते. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांचे पद मात्र शाबूत राहिले, आणि त्याच संघाने २०२४-२५ मध्ये ८२ पैकी ६८ सामने जिंकले.

इंडियानाविरुद्धची अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत लांबली. निर्णायक लढतीच्या आरंभीच इंडियानाचा आधारस्तंभ टायरीस हॅलिबर्टन जायबंदी झाला, हे विसरून चालणार नाही. थंडरने तो सामना १०३-९१ असा जिंकला. गिल्जस-अलेक्झांडरने त्यात २९ गुण नोंदविले व लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूपाठोपाठ अंतिम मालिकेचाही मान मिळविला.

लीगच्या दप्तरी हे या संघाचे दुसरे विजेतेपद गणले जाते. पहिले १९७९ चे, सिएटलच्या नावावरचे.