वर्गकौल, ऑनलाइन

तास चालू असताना किंवा त्याच्या आदल्या दिवशी लिंकद्वारे प्रश्न पाठवून, आलेली उत्तरे लगेच एकत्र पाहून पुढे काय शिकवायचे हे ठरविण्याची पद्धत. गूगल फॉर्म, मेंटीमीटर, सॉक्रेटिव्ह, पोल एव्हरीव्हेअर ही यासाठीची प्रचलित साधने. कौल म्हणजे परीक्षा नव्हे. त्याला गुण जोडले, की विद्यार्थी स्वतःला वाटते ते न नोंदवता शेजाऱ्याचे उत्तर नोंदवू लागतो.

पूर्वपीठिका : हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या कामाला येथे मध्यवर्ती स्थान आहे. हॅलून व हेस्टेनेस या संशोधकांनी १९८५ मध्ये एका चाचणीद्वारे असे दाखविले होते, की भौतिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरही विद्यार्थ्यांच्या गतीविषयीच्या मूळ समजुती फारशा बदलत नाहीत. मझूर यांनी तीच चाचणी स्वतःच्या वर्गाला दिली. अवघड गणिते सोडविणारे विद्यार्थी साध्या संकल्पनांवर अडखळले. जड ट्रक हलक्या मोटारीवर आदळला तर कोणावरचे बल अधिक? ते समान असते. पण न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेला विद्यार्थीही ‘मोटारीवर’ असे उत्तर देतो. १९९१ पासून मझूर असे प्रश्न तासातच विचारू लागले : आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा कौल द्यायचा. या सहाध्यायी-अध्यापनावरील त्यांचे पुस्तक १९९७ मध्ये निघाले.

कार्यपद्धती : पहिल्या कौलात बरोबर उत्तरे सु. ३० टक्क्यांहून कमी असल्यास संकल्पना पुन्हा शिकवावी. ३० ते ७० टक्के असल्यास चर्चा घडवावी. त्याहून अधिक असल्यास थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. निरनिराळ्या लेखनांत या सीमा थोड्याफार बदलतात. चर्चेपूर्वी उत्तरांचा आलेख पडद्यावर दाखवू नये. बहुमत दिसले की युक्तिवाद थांबतो. प्रश्नाचा कस चुकीच्या पर्यायांत असतो. ते विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्यावेत. भरीचा पर्याय कोणी निवडत नाही आणि त्यातून शिक्षकाला काही कळतही नाही.

परिणाम : कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गावरील अभ्यासात (२००९) चर्चेनंतर विद्यार्थ्यांना त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. गटात आधी कोणालाच उत्तर येत नसतानाही कामगिरी सुधारलेली आढळली. म्हणजे हुशार मुलाची नक्कल हे सुधारणेचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही. माँट्रिऑल येथील नॅथॅनिएल लासरी यांनी (२००८) क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदविण्याचे हातातले यंत्र) व साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना केली. संकल्पना समजण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. यंत्राचा लाभ मोजणीच्या वेगात आणि उत्तरांची नोंद टिकण्यात आहे. हे अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे असल्याने त्यांचे निष्कर्ष शालेय वयोगटाला सरसकट लागू करता येत नाहीत.

महाराष्ट्रात : मार्च २०२० नंतर शाळा बंद असताना गूगल फॉर्मवरील मराठी चाचण्यांच्या लिंक व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागल्या. त्यांचे स्वरूप बहुधा गुणांच्या सराव परीक्षेचे होते. दुसरा कौल व चर्चा त्यांत नव्हती.

मोबाइलविना : प्लिकर्स या साधनात मुले छापील कार्ड निवडलेल्या उत्तराची बाजू वर करून धरतात आणि शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतो. घरात एकच फोन असलेल्या मुलांच्या शाळांसाठी ही सोय विशेष मोलाची आहे.

खासगीपणा : चर्चेच्या कौलाला नाव व मोबाइल क्रमांक मागण्याची गरज नसते.