चिंताजन्य धडधड व धाप

चिंताजन्य धडधड : हृदयाच्या रचनेत किंवा लयीत दोष नसताना भीती अथवा काळजीमुळे अचानक सुरू होणारी आणि थोड्या वेळात आपोआप ओसरणारी छातीतली धडधड. तिच्या जोडीला बहुधा धाप, छाती आवळल्यासारखे वाटणे, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ ही भावना असते. असे झटके कारण नसताना वारंवार येऊ लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणसाचे रोजचे वागणे बदलले, की त्याला पॅनिक विकार म्हणतात. अमरावती-अकोल्याकडचा रुग्ण डॉक्टरांना सांगतो ते असे : ‘जीव घाबरून राह्यला, छातीत धडधड होऊन राह्यली, दम लागून राह्यला.’

यातली कोणतीही संवेदना खोटी नसते. धोका जाणवला की अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असणारे ठोके १२० किंवा त्याहूनही वर जातात. श्वास गरजेपेक्षा जलद होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी बोटे आखडतात; मेंदूकडचा रक्तप्रवाह थोडा कमी होऊन गरगरते. हवा पुरत नाही म्हणून रुग्ण आणखी मोठे श्वास घेतो आणि त्रास वाढतो. करोनाच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अशा वेळी बोटाला लावला, तर प्राणवायू सहसा ९७-९८ टक्के दिसतो, शेजारचा नाडीचा आकडा मात्र चढलेला असतो. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो व बहुधा अर्ध्या तासात उतरतो. नंतर अंगात त्राण उरत नाही.

अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये ही लक्षणे पाहून जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. पहिल्या महायुद्धात याच तक्रारीला ‘सैनिकाचे हृदय’ म्हणत. स्वतंत्र मानसिक विकार म्हणून पॅनिकची नोंद अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९८०च्या वर्गीकरणात झाली.

वऱ्हाडात काळजीला कारणे शोधावी लागत नाहीत. कापूस-सोयाबीनची कोरडवाहू शेती, पावसाने दडी मारल्यावर दुबार पेरणी, थकलेले पीककर्ज, बोंडअळी. अकोल्याच्या शिकवणी वर्गांतली आणि अमरावतीच्या अभ्यासिकांतली मुले परीक्षेचे ओझे वाहतात. त्यात जागरण, उपाशीपोटी चहावर चहा आणि खर्रा. तंबाखूतले निकोटिन व चहातले कॅफिन दोन्ही ठोके वाढवतात; आधीच धास्तावलेल्या माणसाला तेवढेही पुरते.

मात्र धडधड चिंतेचीच आहे, हे तपासणीनंतर ठरवायचे असते. रक्तक्षय, थायरॉइडचा अतिस्राव, दमा, संधिवाती तापाने बिघडलेली हृदयाची झडप, रक्तातली साखर उतरणे या सगळ्यांत अशीच लक्षणे दिसतात. विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. हृदयाच्या लयीचा एक विकार तर चिंता म्हणून हमखास निसटतो, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये. त्यात ठोके एका क्षणात दीडशेच्या पुढे जातात आणि तसेच एका क्षणात थांबतात. चिंतेची धडधड बहुधा चढत जाते व हळूहळू उतरते. झटका नसताना काढलेला ईसीजी लयीच्या या विकारात सर्वसाधारण येऊ शकतो. म्हणून शक्य तर झटका सुरू असतानाच ईसीजी काढावा किंवा २४ तास ईसीजी नोंदवणारे हॉल्टर यंत्र लावावे. वऱ्हाडाच्या दोन गोष्टी याहून निकडीच्या. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा धडधड उष्माघाताचीही असू शकते. आणि फवारणी करून आलेल्या माणसाला धाप, घाम, लाळ सुटणे, डोळ्यांपुढे धूसर होणे असे काही झाले, तर ‘घाबरला असेल’ म्हणून घरी बसवू नये. २०१७च्या हंगामात यवतमाळ व आसपास फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आहेत.

तपासण्या निर्दोष आल्यावर काय होते, तिथे खरी अडचण आहे. ‘काही नाही, गॅस आहे’ म्हणून एक सलाइन लागते, रुग्ण घरी जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा झटका, पुन्हा दुसरा डॉक्टर, पुन्हा ईसीजी, मग कर्ज काढून नागपूर. घरात कोणी ‘बाहेरचं’ म्हणते, कोणी ‘नाटक’. हृदय चांगले आहे हे सांगणे आवश्यकच, पण त्याबरोबर धडधड कशामुळे होते हे समजावले नाही, तर उपचार अर्धाच राहतो. अल्प्राझोलामसारख्या गोळीने तात्पुरता आराम पडतो. ती स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेतली तर सवय जडते.

गुणकारी उपचार उपलब्ध आहेत. बोधात्मक वर्तनोपचारात रुग्ण धडधडीचा अर्थ नव्याने लावायला आणि टाळलेल्या बाजारात, बसमध्ये, गर्दीत पुन्हा जायला शिकतो. नैराश्यविरोधी गटातल्या काही औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढूही शकते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण गोळ्या सोडून देतो. झटका आल्यावर बसावे, नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा, आणि हे काही मिनिटे करावे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत. दमा वा हृदयविकार असेल तर तो घातक ठरतो.

मानसोपचार गावापर्यंत नेण्याचे प्रयत्न या भागात झाले आहेत. ‘विश्राम’ प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला गेला. त्याचा भर नैराश्यावर होता. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. गावातलीच प्रशिक्षित माणसे घरी येऊन बोलली, तर लोक मनाच्या दुखण्यावर उपचार घेतात, असा त्याचा सरळ अर्थ आहे. राज्य शासनाने २०१५ मध्ये अमरावती-अकोल्यासह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा सेविकांवर घरोघरच्या पाहणीचे काम सोपवले गेले. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे.

श्रम करताना छातीत दुखणे, वेदना हातात किंवा जबड्यात जाणे, शुद्ध हरपणे, ओठ निळे पडणे, घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर चिंतेचा विचार बाजूला ठेवून १०८ला फोन करावा. तपासणीत हृदय निर्दोष ठरूनही झटके थांबत नसतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत विनामूल्य बोलता येते.