वाजवणे रक्तात नव्हते, हुकमात होते

जामनेर आणि आसपासच्या खेड्यांत लग्नसराईत आम्ही एक वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाजंत्री रंगात आले की ओट्यावर बसलेला कोणीतरी कौतुकाने म्हणतो, "वाजवणं तर यांच्या रक्तातच आहे!" बोलणाऱ्याला वाटते, आपण स्तुती केली. पण कला रक्तातच असेल तर मेहनत कशाची? मेहनतच नाही तर योग्य मजुरी कशाला? आणि रक्तातच असेल तर 'आज वाजवणार नाही' म्हणण्याचा अधिकार कुठून येणार? ही स्तुती नाही, जातीचे समर्थन आहे. इतिहास काय सांगतो ते पाहू.

जानेवारी १९२८ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक बातमी आली. ती आपल्या खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडच्या इंदूर भागातली होती. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य समाजाला नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. मोबदला न मागता कामे करायची. आणि याच यादीत आणखी एक कलम होते: हिंदूंच्या प्रत्येक लग्नात, वरातीपुढे आणि लग्न लागताना, बलायांनी वाजवलेच पाहिजे. मान्य नसेल तर गाव सोडा.

बलायांनी नकार दिला. मग विहिरीचे पाणी बंद झाले, गुरे चारणे बंद झाले, स्वतःच्या शेतात जायची वाट बंद झाली. उभ्या पिकात गुरे सोडली गेली. दरबारात अर्ज केले, पण वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो बलाई बायकामुलांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरकडे निघून गेले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या आपल्या ग्रंथात हे प्रकरण मुद्दाम नोंदवले आहे.

वाजवणे रक्तात असते तर ते नियम करून का लादावे लागले असते? ज्यांनी वाजवायचे नाकारले त्यांना संगीताचा द्वेष नव्हता. दुसऱ्याच्या हुकमाने, दुसऱ्याच्या दारी, फुकट वाजवणे त्यांना नको होते.

आपल्याकडे हीच साखळी बलुत्याच्या आणि वतनाच्या नावाने होती. दवंडी, सांगावा, वेठ, गावची सगळी हलकी कामे महारांकडे. वाजंत्रीपण बहुतेक गावांत मातंगांकडे. मार्च १९२८ मध्ये, म्हणजे बलायांची बातमी छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले. म्हणजे आमच्या आजोबांची पिढी वतनातच वाढली.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या समाजाने हुकमाचे काम नाकारले, त्याच समाजाने स्वतःसाठी ढोलकी उचलली. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. त्याआधी सत्यशोधक जलशांनी वाट पाडलेली होतीच. तमाशाचा साचा लोकांना ओळखीचा होता. जलसेकारांनी त्यातला देवादिकांचा आणि शृंगाराचा भाग काढला आणि तिथे शिक्षण, मेलेल्या गुरांचे मांस सोडणे, वतनाची गुलामी हे विषय आणले. बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांच्या बरोबरीला एक जलसा ठेवला, असे चळवळीत आजही सांगितले जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गाणी लिहून आयुष्यभर गावोगाव गात फिरले. त्यांना कोणत्या वतनाने गायला लावले होते? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला, बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीच्या स्मरणार्थ लोक जमतात. तिथे भीमगीत गाणाऱ्यालाही कोणी बोलावणे पाठवत नाही, तो स्वतःहून येतो.

वाद्य तेच, हात तेच, पण अर्थ उलटा झाला. वाजवणारा 'नाही' म्हणू शकतो की नाही, यावर तो अर्थ ठरतो.

बांधवांनो, हा निकष फक्त ओट्यावरच्यांना लावून चालणार नाही, आपल्यालाही लावावा लागेल. १४ एप्रिलला आपण डीजेसाठी दारोदार वर्गणी काढतो आणि गायन पार्टीला द्यायची वेळ आली की घासाघीस करतो. ज्यांनी टॉर्चच्या उजेडात वहीतली गाणी गाऊन आपल्याला बाबासाहेब सांगितले, त्यांना आपण रात्री अकराला 'आवरा' म्हणतो. आणि आपल्या लग्नात डफडे वाजवणारा मातंग भाऊ कुठे जेवतो? पंगतीत आपल्या शेजारी, की सगळे उठल्यावर मांडवामागे? तिथे आपणही ओट्यावरचेच झालो असलो, तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला काय?

येत्या जयंतीला आपापल्या वस्तीत दोनच ठराव करू. गायक-वादकांचे मानधन आधी ठरवू आणि ते डीजेच्या आधी देऊ. आणि वाजवणाऱ्याचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडू. याला ना सरकारी मंजुरी लागते, ना जादा वर्गणी.

जयभीम! नमो बुद्धाय!