इनामगांव येथील ताम्रपाषाणकालीन घरांतील फेरफार

मातीच्या घराचा इतिहास म्हणजे बहुतांशीं त्याच्या डागडुजीचा इतिहास होय. देवळास शिलालेख असतो. मातीच्या भिंतीस तो नसतो. तिच्यावरील लेपांचे थर, बुजविलेले खळगे आणि खांबांचीं भोंकें हींच तिचीं कागदपत्रें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत उत्खनन म्हटलें कीं पवनीचे स्तूप आठवतात, व १९६९-७० सालीं तेथें झालेलें काम पाहतां तें योग्यच आहे. परंतु गृहस्थाच्या राहत्या घराचा पिढ्यानुपिढ्यांचा पुरावा पाहावयाचा असेल, तर पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील घोड नदीकांठच्या इनामगांवाकडेच वळावें लागतें. डेक्कन कॉलेजनें तेथें १९६८ ते १९८३ या काळांत बारा हंगाम खणती केली, डॉ. ढवळीकर, डॉ. सांकळिया व डॉ. अन्सारी यांचा वृत्तान्त १९८८ सालीं प्रसिद्ध झाला.

तेथील वस्तीचे तीन कालखंड मानतात : माळवा (इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००). पहिल्या दोन कालखंडांतील घरें मुख्यत्वें चौकोनी. भिंत खालीं बुटकी, मातीची, आणि तिच्यावर कूड. कच्ची वीट दख्खनेंत त्याहीपूर्वीं ठाऊक होती. दायमाबाद येथें उत्तर-हडप्पा काळांतील एका दफनाचा खड्डा कच्च्या विटांनीं बांधलेला सांपडला आहे. तथापि इनामगांवकरांनीं घरासाठीं कुडाचीच निवड केली, ती अज्ञानानें केली असें म्हणण्याचें कारण नाहीं. कुडाचें घर उसवतां येतें, वाढवितां येतें, आणि वाळवीनें खाल्लेला खांब तेवढाच काढून नवा रोवतां येतो. विटांच्या भिंतीशीं इतकी सलगी चालत नाहीं.

‘कूड’ हा शब्द संस्कृत ‘कुड्य’ याचाच अपभ्रंश होय. खांबास जुना शब्द ‘स्थूणा’. अथर्ववेदांतील शालासूक्तांत (३.१२ व ९.३) स्थूणा, वंश व तृण यांनीं बांधलेल्या घराचा उल्लेख आहे, ‘स्थूणानिखननन्याय’ तर शास्त्रग्रंथांत सर्वत्र आढळतो. खांब हलवून हलवून पुन्हां ठोकला म्हणजे पक्का होतो, हा त्याचा अर्थ. यावरून इनामगांवचे लोक वैदिक होते असें अनुमान काढूं नये. तसा मोह अनेकांस झाला आहे. साधर्म्य आहे तें केवळ साहित्याचें व हाताच्या कसबाचें.

आतां फेरफारांकडे वळूं. एकाच जागीं पुन्हां पुन्हां घर बांधल्याचें येथें दिसून येतें. पूर्व जोर्वे काळांत घरें ओळीनें असून दोन घरांमध्यें सुमारें दीड मीटरची बोळ सोडलेली असे. कौटिल्यानें दोन घरांमध्यें एक किष्कु किंवा तीन पद अंतर असावें असा नियम घातला आहे, तो कित्येक शतकें मागाहूनचा. पण पागोळ्यांच्या पाण्यावरून शेजाऱ्यांत होणारे तंटे कौटिल्यापूर्वीं नसतील असें कोण म्हणेल? घर पडलें तरी जागा त्या कुटुंबाचीच राहत असावी, असें अनुमान येथें सयुक्तिक वाटतें.

जमीन हा घराचा सर्वांत अधिक बदलणारा भाग. चोपलेल्या मातीवर लेप, झिजल्यावर पुन्हां लेप. हे थर मधूनच छेदलेले दिसतात, आणि त्या छेदाखालीं बहुधा मूल असतें. दोन घट तोंडाशीं तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत बालकाचें शव, आणि मग जमीन पूर्ववत्. मोठ्या माणसांसही घरांतच पुरीत. त्यांचे पाय मात्र घोट्याखालीं तोडलेले असत. एका घराच्या जमिनीखालीं शिरविरहित स्त्रीमूर्ति, मातीचा बैल व झाकणाचें पात्र हीं पुरून ठेवलेलीं मिळालीं. खणणाऱ्यास जो फेरफार केवळ ‘खड्डा’ म्हणून नोंदवावा लागतो, तो त्या घरच्या माणसांस घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग असला पाहिजे. कारण त्याच जमिनीवर तीं पुढें स्वयंपाक करीत व निजत.

वादाचा खरा मुद्दा उत्तर जोर्वे काळांतील आहे. इ. स. पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरें मागें पडून लहान गोल झोंपड्या येतात. हे कोणी नवे लोक होते काय? तसें म्हणतां येत नाहीं. मडकीं जाडींभरडीं झालीं, तरी घाट जोर्वेचेच राहिले; जुळ्या घटांतील बालकांचें दफन चालू राहिलें. डॉ. ढवळीकरांनीं याचें कारण रुक्ष झालेलें हवामान, घटलेली शेती, वाढलेली शिकार व त्यांतून आलेलें दारिद्र्य हें दिलें आहे. त्यांचा निर्णय एकंदरींत मान्य करण्याजोगा आहे. मात्र गोल आकार हाच दारिद्र्याचा पुरावा मानणें मला पटत नाहीं. इनामगांवींच पांच खोल्यांचें एक मोठें घर सांपडलें. त्याच्या चार खोल्या चौकोनी व एक गोल. जवळ कोठार, आणि अंगणांत चार पायांच्या रांजणांत मांडी घालून बसविलेला पुरुष. ज्याच्या दारीं कोठार आहे, त्याला गोल खोली दारिद्र्यामुळें बांधावी लागली नसेल. गोल खोली बांधण्याचें ज्ञान गांवांत होतेंच. कठीण काळांत तेवढेंच शिल्लक उरलें, असें म्हणणें अधिक युक्त. इ. स. पू. ७०० च्या सुमारास तेंही सोडून लोक निघून गेले.

भंडाऱ्याच्या भातशेतीच्या गांवांत तणस मिसळलेल्या मातीनें लिंपलेले कूड अद्याप क्वचित् आढळतात. पण घरकुलें होऊं लागल्यापासून ते झपाट्यानें पाडले जात आहेत. सवड असलेल्या सभासदांनीं असा कूड पाडण्यापूर्वीं त्यावरील लेपांचे थर मोजावे, घर किती वर्षांचें हें मालकास विचारावें, आणि दोन्ही आंकडे मंडळाकडे पाठवावे. उत्खननांतील थरांवरून घराचें वय ठरवितांना त्या आंकड्यांचा थेट उपयोग होईल.